पद्मिनीचे ब्रेक आणि आमची घाई

मासिकाच्या मराठी विभागात दरवर्षी कविता असतात, एखादं प्रवासवर्णन असतं आणि ‘हॉस्टेलचे ते दिवस’ तर असतातच. यातलं मला काहीच जमत नाही. संपादक मंडळाने फारच पाठ धरली तेव्हा म्हटलं, हात काळे करून जे शिकलो तेच लिहावं. त्यामुळे हा लेख ब्रेकवर आहे. ड्रम ब्रेकवर. मेकॅनिकलच्या मंडळींना वाटेल, हे तर आम्हाला थर्ड इयरला होतं, दहा मार्कांना आकृतीसह येतं. मलाही येत होतं. पूर्ण मार्क मिळाले होते. आणि तरीही गेल्या जानेवारीत मी आपल्या वर्कशॉपच्या उतारावर दहा-बारा जणांच्या अंगावर गाडी घालता घालता वाचलो. म्हणून हे लिहितोय.

वर्कशॉपमागे लिंबाखाली उभी असलेली क्रीम रंगाची प्रीमिअर पद्मिनी सगळ्यांनी पाहिली असेल. मॉडेल १९८६. डिपार्टमेंटच्या एका सरांनी रिटायर होताना ती कॉलेजला दिली आणि नंतर सात वर्षं ती जागची हलली नाही. बॉनेटवर लिंबोळ्या, सीटखाली मांजरीची पिल्लं. आम्ही चौघांनी ठरवलं की फेब्रुवारीच्या फेस्टला ही गाडी स्वतःच्या इंजिनवर मेन गेटपर्यंत न्यायची. डिसेंबरच्या सुट्टीत घरी न जाता कार्ब्युरेटर साफ केला, पॉइंट घासले, नवी बॅटरी घातली. इंजिन तिसऱ्या दिवशी सुरू झालं. आम्ही नाचलो. ब्रेककडे मात्र सगळ्यात शेवटी पाहिलं, आणि तेही वरवर.

आधी गाडीची थोडी ओळख

मूळची ही इटलीची फियाट ११००. आपल्याकडे ती मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनायची. ही कंपनी काढली वालचंद हिराचंदांनी, ज्यांचं नाव सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला आहे. १९६४ मध्ये ‘फियाट ११०० डिलाइट’ आली आणि १९७४ मध्ये तीच गाडी ‘प्रीमिअर पद्मिनी’ झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं चित्र डोळ्यांसमोर आणा, तीच ही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदवली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली.

सांगायचा मुद्दा हा की या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. आमच्या गाडीचा मास्टर सिलिंडर एकाच खणाचा, म्हणजे चारही चाकांना मिळून ब्रेक ऑइलची एकच लाइन. हल्लीच्या गाड्यांना दोन स्वतंत्र लाइन असतात. एक गेली तरी दुसरीवर गाडी थांबते. आमच्या पद्मिनीत एका चाकापाशी गळती झाली की चारही ब्रेक गेले. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ड्रमच्या आत काय असतं

चाकाबरोबर फिरणारा लोखंडी डबा म्हणजे ड्रम. आत न फिरणाऱ्या बॅकप्लेटवर अर्धगोल आकाराचे दोन शू, त्यांच्यावर लायनर. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं ऑइल पाइपातून व्हील सिलिंडरमध्ये जातं, तिथले पिस्टन शूंना बाहेर ढकलतात आणि लायनर ड्रमला आतून घासतो. पाय काढला की स्प्रिंग शूंना मागे ओढतात.

लायनर झिजला की शू आणि ड्रममधली फट वाढते. ही फट भरून काढायला बॅकप्लेटच्या मागे नटासारखी षटकोनी डोकी असतात. पान्याने ती फिरवली की आतला एक्सेंट्रिक कॅम फिरतो आणि शूची ‘आरामाची जागा’ ड्रमच्या जवळ सरकते. यालाच गॅरेजच्या भाषेत ‘ब्रेक टाइट करणं’ म्हणतात. खरं तर टाइट काहीच करायचं नसतं, फक्त फालतू फट काढायची असते. ‘टाइट’ या शब्दाने निम्मे घोटाळे होतात.

फट थोडी वाढली तर पेडलवर एवढा फरक का पडतो? एक सोपं गणित करू. समजा मास्टर आणि व्हील सिलिंडर सगळे एकाच व्यासाचे आहेत. चार चाकांचे मिळून आठ पिस्टन. प्रत्येकाला फक्त अर्धा मिलिमीटर जास्त जावं लागलं, तर मास्टरच्या पिस्टनला ८ × ०.५ म्हणजे ४ मिलिमीटर जास्त जावं लागेल. पेडलची लिव्हरेज पाचपट धरली तर पायाखाली २० मिलिमीटर. फट एक मिलिमीटरने वाढली तर ४० मिलिमीटर! म्हणजे नखाएवढ्या झिजेने पेडल दीड इंच खाली जातं. प्रत्यक्षात व्यास वेगवेगळे असतात, पण हिशोबाची जात हीच.

पेडल काय सांगतं

डॉक्टर आधी नाडी बघतो, तसं ब्रेकवाल्याने आधी पाय ठेवून पेडल बघावं. पाना नंतर. गाडी उभी ठेवून पेडल दाबा आणि नीट जाणून घ्या.

पहिल्यांदा दाबलं तर पेडल खोल जातं, पण लगेच दुसऱ्यांदा दाबलं तर वरच घट्ट लागतं: फट जास्त आहे. पहिल्या दाबाचं ऑइल फट भरण्यातच गेलं, शू पूर्ण मागे जायच्या आत दुसरा दाब आला. हा खरा ॲडजस्टमेंटचा रोगी.

पेडल स्पंजासारखं लागतं, दाबावं तसं दबतं: लाइनमध्ये हवा आहे. ऑइल दबत नाही, हवा दबते. इथे कॅम फिरवून उपयोग नाही, हवा काढावी लागते.

पेडल घट्ट लागतं, पण पाय तसाच दाबून ठेवला तर हळूहळू खाली सरकतं: गळती. बाहेर कुठेतरी, नाहीतर मास्टर सिलिंडरच्या आत कपावरून.

ब्रेक लावला की गाडी एका बाजूला ओढते: दोन्ही बाजूंची फट सारखी नाही, किंवा एका बाजूच्या लायनरवर ऑइल वा ग्रीस आलं आहे, किंवा एखादा पिस्टन जाम आहे.

चालवून आल्यावर एखादा ड्रम तापलेला, चाक जड फिरतं: शू जास्त जवळ आणले आहेत, हँडब्रेकची केबल ताणलेली आहे, शूची स्प्रिंग ढिली आहे किंवा रबरी होज आतून फुगून ऑइल परत येऊ देत नाही. चारही चाकं एकदम जड झाली तर पेडल आणि मास्टरच्या मधल्या दांडीला थोडी सुटी चाल आहे का ते पाहावं. ती नसेल तर परतीचं भोक उघडत नाही आणि दाब आतच अडकतो.

चाक हाताने फिरवताना एकाच जागी घासतं, बाकी मोकळं: ड्रम लंबगोल झाला आहे. त्याला लेथ दाखवा.

आता आमचं निदान सांगतो. आमचं पेडल खोल जात होतं आणि दुसऱ्या दाबाला वर यायचं, पण जरा स्पंजासारखंही लागायचं. यातलं पहिलं आम्ही ऐकलं, दुसरं सोडून दिलं. कारण पहिल्याचा इलाज अर्ध्या तासाचा होता आणि दुसऱ्याचा दोन दिवसांचा.

शू ॲडजस्ट कसे करावेत

पद्धत मात्र आम्ही बरोबर वापरली, ती लिहून ठेवतो. कोणाच्या घरी जुनी गाडी असेल तर कामाला येईल.

एक. जागा सपाट हवी. जे चाक उचलायचं नाही त्या टोकाच्या चाकांना पुढून-मागून गुटके लावा. जॅकने उचला, पण जॅकच्या भरवशावर कधीही खाली जाऊ नका. घोडी लावा.

दोन. हँडब्रेक पूर्ण सोडा. मागच्या शूंना हँडब्रेकची केबलही ओढत असते. केबल ताणलेली असेल तर शू आपल्या जागी बसत नाहीत आणि सगळं माप चुकतं. म्हणून केबलचा नट ढिला करून घ्या.

तीन. मागचं चाक फिरवून बघताना गाडी न्यूट्रलमध्ये हवी. तरीसुद्धा डिफरन्शिअलमुळे चाक थोडं जड लागतं. तो जडपणा ब्रेकचा समजू नका. आम्ही पहिल्या दिवशी यातच तासभर घालवला.

चार. एका वेळी एकच शू. चाक हाताने फिरवत राहा आणि त्या शूचा कॅम पान्याने हळूहळू फिरवा. ज्या दिशेने चाक जड होतं ती बाहेरची दिशा. चाक अडेपर्यंत न्या. कॅम फार फिरवला तर तो आपल्या उंच टोकावरून पलीकडे उतरतो आणि चाक एकदम मोकळं होतं, तेव्हा जपून. जाम कॅमला आदल्या रात्री गंजावरचं पातळ तेल घालून ठेवावं. पान्यावर पाइप चढवून जोर काढला तर षटकोनाचे कोपरे जातात.

पाच. जोडीदाराला पेडल दोन-तीनदा दाबून सोडायला सांगा, म्हणजे शू मध्यावर बसतात. पुन्हा चाक फिरवा. मोकळं झालं असेल तर कॅम अजून थोडा.

सहा. आता कॅम किंचित मागे घ्या, चाक मोकळं फिरेपर्यंत. कुठेतरी हलकी ‘खस् खस्’ ऐकू आली तर चालेल, अडकता कामा नये. मग दुसरा शू. मग उरलेली चाकं. डाव्या-उजव्याचा अंदाज सारखा राहिला पाहिजे.

सात. सगळं झाल्यावर हँडब्रेकची केबल परत ताणा. ओढल्यावर गाडी चढावर थांबली पाहिजे, सोडल्यावर मागची दोन्ही चाकं मोकळी फिरली पाहिजेत.

आठ. मोकळ्या मैदानात अगदी कमी वेगाने ब्रेक मारून बघा. मग उतरून चारही ड्रमजवळ हात नेऊन बघा (टेकवू नका, भाजतं). एक जास्त गरम असेल तर तिथे शू घासतोय.

आणि एक महत्त्वाचं: ड्रम उघडलात तर आतली काळी धूळ तोंडाने किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात गेलं की बाहेर येत नाही. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

उतारावर

शुक्रवारी हे सगळं केलं. पेडल एकदम वर आलं. मी ऐटीत सरांना सांगितलं, “सर, ब्रेक ओके.” बुधवारी पेडल पुन्हा खाली. मास्टरचा डबा पाहिला, ऑइल कमी होतं. टाकलं, पुन्हा कॅम फिरवले, पेडल वर. पुढच्या सोमवारी सकाळी डबा पुन्हा खाली गेलेला. पुन्हा टाकलं. संध्याकाळी फेस्टची ट्रायल होती, पोरं मोबाइल काढून उभी होती, खाली मेसच्या दारात चहाची रांग होती.

वर्कशॉपकडून मेसकडे येणारा उतार तुम्हाला माहीत आहे. मी चालवत होतो, रूम पार्टनर शेजारी. निम्म्या उतारावर पेडल दाबलं आणि ते फळीला टेकलं. पुन्हा दाबलं, पुन्हा टेकलं. काहीच नाही. रूम पार्टनर ओरडला, “हँडब्रेक!” ओढला. तो हवेत ओढल्यासारखा आला. बुधवारच्या घाईत आम्ही केबल ढिली केली होती आणि सातवी पायरी राहून गेली होती. कशीबशी गाडी सेकंडला टाकली, इंजिनाने थोडी धरली आणि मी स्टिअरिंग नव्या बिल्डिंगच्या मुरमाच्या ढिगाकडे वळवलं. बंपर मुरमात घुसला आणि आम्ही थांबलो. रांगेतले शेवटचे दोघे आमच्यापासून फार तर दहा पावलांवर होते. एकाच्या हातातला चहा सांडला. नुकसान एवढंच.

पोरं हसली, टाळ्या पडल्या. माझे पाय मात्र लटपटत होते. खरं सांगतो, उतरून उभं राहता येईना.

वर्कशॉपचे मामा आले. रागावले नाहीत. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, “ऑइल किती वेळा टाकलं रे?”

म्हटलं, “दोनदा, मामा.”

“मग ते गेलं कुठं?”

बस्स. एवढा एकच प्रश्न. इंजिन ऑइल जळतं, पेट्रोल संपतं, पण ब्रेक ऑइल बंद पाइपातलं आहे. लायनर झिजला तर डब्यातली पातळी थोडीशी उतरते, तीही महिन्यामहिन्यांनी. पाच दिवसांत ती खाली जाते म्हणजे ते कुठेतरी बाहेर पडतंय. फोर्थ सेमला फ्लुइड मेकॅनिक्स पास झालेल्या आम्हा चौघांपैकी एकालाही हा प्रश्न पडला नव्हता.

मामांनी मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला हात फिरवला. बोटं ओली. ड्रम काढला, व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीची कड उचलली, आतून ऑइल टपकलं. लायनर भिजलेला.

खरं कारण

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. गाडी सात वर्षं उभी होती, ते पाणी व्हील सिलिंडरमध्ये बसलं आणि आतला लोखंडी बोअर गंजून त्याला बारीक खड्डे पडले. आम्ही गाडी सुरू केली, पिस्टनचा रबरी कप त्या खड्ड्यांवरून मागे-पुढे होऊ लागला आणि त्याची कड कापली गेली. ऑइल बाहेर, हवा आत. दर वेळी कॅम फिरवून आम्ही फट कमी केली, त्यामुळे कमी ऑइलमध्येही पेडल वर लागलं आणि आम्हाला वाटलं दुरुस्त झालं. म्हणजे आम्ही गळती बंद केली नाही, ती दाखवणारी खूण झाकली. तापाची गोळी घेऊन न्यूमोनिया घेऊन फिरावं तसं. आणि लाइन एकच असल्यामुळे एक चाक गेलं तेव्हा चारही गेले.

मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. चारही ड्रम उघडले. खड्डे पडलेला सिलिंडर नवा घातला, बाकीच्यांचे आणि मास्टरचे रबर किट बदलले. मागच्या दोन्ही चाकांचे लायनर जोडीने बदलले. ऑइल प्यायलेला लायनर धुऊन साफ होत नाही, आणि एकाच बाजूचा बदलला तर गाडी ओढते. जुनं ऑइल सगळं काढून डीओटी ३ चं नवं भरलं. (इंजिन ऑइल किंवा दुसरं कुठलंही तेल चुकूनही घालू नका, रबर फुगून सगळं जाम होतं.)

मग हवा काढली, मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून, म्हणजे मागच्या डाव्यापासून. निपलला पारदर्शक नळी, तिचं टोक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवलेलं. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल उघडायचा, पेडल खाली गेलं की निपल बंद, मगच पाय वर. बुडबुडे थांबेपर्यंत. डबा मध्ये रिकामा होऊ द्यायचा नाही, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. आणि सगळ्यात शेवटी, म्हणजे अगदी शेवटी, शूंची ॲडजस्टमेंट आणि हँडब्रेक. या वेळी मामांनी प्रत्येक पायरी खडूने भिंतीवर लिहायला लावली आणि झाल्यावरच खूण करायला लावली. ती यादी अजून वर्कशॉपच्या भिंतीवर आहे. सातव्या पायरीखाली कोणीतरी दोन रेघा ओढल्या आहेत. तो मीच.

फेस्टला गाडी मेन गेटपर्यंत गेली. स्वतःच्या इंजिनवर गेली आणि, जास्त महत्त्वाचं, स्वतःच्या ब्रेकवर थांबली. त्या दिवशी मी चालवली नाही. मामांना चालवायला दिली.

असो. लेख लांबला. सार एवढंच, की ॲडजस्टमेंट हा झिजेवरचा इलाज आहे आणि झीज हळूहळू होते. एकदा जुळवलेला ब्रेक आठवड्यात पुन्हा जुळवावा लागत असेल, तर पाना खाली ठेवा आणि कारण शोधा. पेडल खाली गेलं तर ‘किती फिरवू?’ हा प्रश्न नंतरचा. आधी मामांचा प्रश्न विचारा: ते गेलं कुठं?

आणि हो, ज्यांचा चहा सांडला होता त्या मित्राला माझ्याकडून एक चहा बाकी आहे. त्याने कधीही रूमवर यावं.